आमचं परळ श्रीमंत झालं म्हणतात!

परवा डोंबिवलीहून माझी मावसबहीण आली होती. दरवर्षी उन्हाळ्यात ती लालबागला येते ती मसाला करायला. बेडगी आणि संकेश्वरी मिरची स्वतः निवडून घ्यायची, धणे-खोबरं भाजून घ्यायचं, डंकावर उभं राहून कुटून घ्यायचं आणि मग दोन घास खायला आमच्याकडे. जेवता जेवता खिडकीतून समोरच्या टॉवरकडे बघत ती म्हणाली, "तुमचं काय बाई! परळ म्हणजे आता सगळी श्रीमंतांची वस्ती."

मला हसू आलं. आमच्या चाळीत अजून पहाटे पाणी भरायला उठावं लागतं, संडास मजल्याच्या टोकाला आहे, आणि पावसाळ्यात जिन्याच्या भिंतीला हात लावायची सोय नसते. पण तिचं म्हणणं अगदीच खोटं, असंही म्हणता येईना. दुकानं बदलली, दर बदलले, रस्त्यावरच्या गाड्या बदलल्या. मी बी. ए. ला अर्थशास्त्र घेतलं होतं. त्याचा संसारात फारसा उपयोग झाला नाही, पण त्या दिवशी भांडी घासताना 'सरासरी' हा शब्द मात्र आठवला.

समजा, एका मजल्यावर दहा बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येक घरात महिन्याला वीस हजार येतात. मजल्याची सरासरी वीस हजार. त्यातली दोन बिऱ्हाडं खोली विकून बदलापूरला गेली आणि त्यांच्या जागी दोन लाखवाली दोन कुटुंबं आली. आता सरासरी काढा. ती होते छप्पन्न हजार! मजला जवळजवळ तिप्पट श्रीमंत झाला, आणि उरलेल्या आठ घरांत मात्र एक पैसाही जास्त आलेला नाही. उलट कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याने छप्पन्न हजारवाल्यांच्या हिशेबाने भाव लावला, तर त्या आठजणी गरीबच झाल्या म्हणायच्या. आमच्या गिरणगावाचं थोडंफार असंच झालं आहे.

आणि गंमत म्हणजे आपली जनगणना कोणाला उत्पन्न विचारतच नाही. घरात टीव्ही आहे का, स्कूटर आहे का, मोटार आहे का, पाणी कुठून येतं, हे विचारतात. महिन्याला किती येतात, हे नाही. त्यामुळे 'परळ श्रीमंत झालं' असं जे म्हटलं जातं ते बहुधा जागेच्या भावावरून. जागेचा भाव म्हणजे जागा विकणाऱ्याचा पैसा. जो विकत नाही, तिथेच राहतो, त्याच्या डब्यात तो पडत नाही.

माणसं मात्र नीट मोजली गेली आहेत, आणि ते आकडे वाचण्यासारखे आहेत.

मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला निघाली. कावसजी दावरांनी तिची कंपनी १८५४ मध्ये काढली. पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, करी रोड, डिलाइल रोड, वरळी असा सगळा पट्टा गिरण्यांनी भरून गेला. माणसं आली ती रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास! म्हणजे दोन पुरुषांमागे एक बाई. बाकीच्या कुठे होत्या? गावी. भात लावत होत्या, सासू-सासऱ्यांचं करत होत्या आणि मनिऑर्डरची वाट बघत होत्या. इकडे एकेका गाळ्यात एकाच गावचे वीस-पंचवीस जण राहायचे. पाळीप्रमाणे झोपायचे. एकजण कामावर गेला की त्याच्या वळकटीवर दुसरा.

या सगळ्यांना जेवायला कोण घालत होतं? ज्या थोड्या बायका इथे होत्या त्या. दहा बाय दहाच्या खोलीत स्टोव्ह नाहीतर शेगडी, आणि दोन्ही वेळच्या दहा-वीस पुरुषांच्या भाकऱ्या. खाणावळवाली म्हणायचे तिला. पैसे पगार झाल्यावर मिळायचे, तोवर वाण्याकडून उधारीवर धान्य आणायचं, आणि एखादा खाडा करून गावी निघून गेला तर ते पैसे बुडाले. आमच्या चाळीतल्या जुन्या आजी सांगायच्या की भोंगा झाला की आधी पिठाच्या परातीकडे हात जायचा, मग पोराकडे.

खुद्द गिरणीतही बायका होत्या बरं का. १९२० च्या सुमाराला पाचांतली एक कामगार बाई होती. रिळिंग आणि वाइंडिंग ही त्यांची खाती, आणि त्यांच्यावर नायकीण असायची. पुढे बायकांना रात्रपाळी बंद झाली, १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, नवी यंत्रं आली. कायदे चांगलेच होते. पण मालकांनी हिशेब असा केला की बाई ठेवण्यापेक्षा पुरुष ठेवलेला बरा. बायकांची संख्या घटत गेली ती गेलीच. गिरणीतून बाहेर पडलेली बाई घरी बसली असं कागदावर लागलं असेल. प्रत्यक्षात ती खाणावळ चालवू लागली, पापड लाटू लागली, नाहीतर मासळीची पाटी घेऊन बसली.

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खाणावळवाल्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. प्रेमाताई गोव्याच्या मुक्तिसंग्रामातून आलेल्या. इथे कामगार चळवळीत असताना त्यांच्या लक्षात आलं की ज्या बायकांच्या भाकरीवर सगळे संप चालतात, त्यांना स्वतःला मात्र सावकाराशिवाय कोणी उभं करत नाही. बँकेचं कर्ज बाईच्या सहीवर मिळू लागलं, ही आमच्या भागातली मोठीच गोष्ट. मला वाटतं, गिरणगावाचा इतिहास लिहिणारे या गोष्टीला दोन ओळींत उरकतात. तिला पानंच्या पानं मिळायला हवीत.

मग आला १८ जानेवारी १९८२ चा संप. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. तो नुसता विरत गेला. एक लाखाहून अधिक कामगारांची नोकरी गेली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्या बायकांशी बोललं तर संपाच्या मागण्या क्वचित आठवतात, पण कोणाची कोणती भांडी कधी मोडीत गेली ते तारीखवार आठवतं. पुरुष मोर्चाला, गावाला, नाहीतर नाक्यावर. घर चाललं ते धुण्याभांड्यावर, शिवणावर, इस्पितळातल्या आयांच्या कामावर. के. ई. एम., वाडिया, टाटा ही इस्पितळं जवळ असल्यामुळे आमच्याकडच्या कितीतरी बायका तिथे 'मावशी' म्हणून लागल्या. पगाराचा माणूस घरी बसला आणि 'घरी बसणारी' बाहेर पडली. तेव्हापासून आमच्या मजल्यावर घर एकट्याच्या पगारावर चालत नाही.

गिरण्यांच्या जमिनी होत्या सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियमावलीत ठरलं की गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळ मानाने तिसरा हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, तिसरा म्हाडाला घरांसाठी, आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, असा अर्थ झाला. जिथे शेड आणि चिमणी उभी, ती जमीन वाटणीतून बाहेर! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मार्च २००६ मध्ये तो बदल कायम राहिला. वाटणीचा नारळ फोडून खोबरं एकाने घ्यावं आणि करवंटी दोघांत वाटावी, असं ते झालं.

आता आकडे. आमचं परळ, लालबाग, शिवडी हे महापालिकेच्या एफ दक्षिण विभागात. २००१ मध्ये इथे ३ लाख ९६ हजार माणसं होती. २०११ मध्ये ३ लाख ६१ हजार. शेजारचा जी दक्षिण, म्हणजे लोअर परळ, वरळी, प्रभादेवी. तिथे ४ लाख ५८ हजारांची ३ लाख ७८ हजार झाली. याच दहा वर्षांत इथे उंच टॉवर उभे राहिले, आणि या दोन विभागांतली मिळून सव्वा लाखाला थोडी कमी माणसं घटली! याच काळात ठाणे जिल्हा, तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. माझी बहीण त्यातलीच एक.

इमारती वाढल्या आणि माणसं घटली, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. पण विचार केला तर सरळ आहे. १६० चौरस फुटांच्या खोलीत सहा-सात माणसं राहत. तेवढ्या माणसांच्या जागेवर आता एक दिवाणखाना होतो. शिवाय बऱ्याच जमिनीवर घरं नाहीत, ऑफिसं आहेत. पूर्वी माणूस चाळीतून उतरून पाच मिनिटांत गिरणीच्या दारात पोहोचायचा. आता त्याच दारात काम करायला लोक विरारहून, कल्याणहून लोकलने येतात. स्टेशनं आणि पूल मात्र पायी येणाऱ्यांच्या काळातले. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी परळ आणि एल्फिन्स्टन रोड जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली, तेवीस जीव गेले. ती काही नुसती पावसाची आणि अफवेची गोष्ट नव्हती. वस्ती एका बाजूला आणि पोट दुसऱ्या बाजूला गेलं, त्याचा तो भार होता.

मी अर्धवेळ शिकवते. शाळेत जनगणना रोजच हातात असते, फक्त तिला हजेरीपट म्हणतात. पत्त्याच्या रकान्यात पूर्वी पानभर चाळींची नावं असायची. आता एखादा मुलगा घाटकोपरहून येतो, कारण आजी अजून इथे राहते आणि शाळा सुटल्यावर तीच सांभाळते. एखादी मुलगी वर्षाच्या मध्येच दाखला घेऊन जाते. इमारत पाडायला काढली, भाड्याने मिळालं ते नालासोपाऱ्याला. मराठी माध्यमाचे वर्ग रोडावत चालले आहेत, त्याचा दोष आपण फक्त इंग्रजीच्या हौसेला देतो. पण मुलंच इथून उठून गेली आहेत, हेही खरं.

त्याच फॉर्मवर आणखी एक रकाना असतो: आईचा व्यवसाय. माझ्या वर्गात तिथे ओळीने 'गृहिणी' लिहिलेलं आहे. मला प्रत्येकीचं घर माहीत आहे. यातली एक डबे करते. एक टॉवरमध्ये सकाळ-संध्याकाळ पोळ्या करायला जाते. एक ब्लाउज शिवते, तिच्याकडे दिवाळीआधी महिनाभर माप द्यायला जागा नसते. एक रात्री म्हाताऱ्या माणसाजवळ बसायला जाते. विचारलं तर म्हणतात, "अहो बाई, ते काय काम आहे? घर सांभाळून आपलं!" जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे पैशासाठी केलेलं हे सगळं कामच आहे. घरच्यांसाठी केलेला स्वयंपाक धरत नाहीत, पण बाराजणांच्या डब्याचा स्वयंपाक धरतात. फक्त ती बाई, किंवा दारात उभा राहिलेला तिचा नवरा, 'काही करत नाही' म्हणाला की प्रगणक तेच लिहून पुढच्या दाराशी जातो. २०२१ ची मोजणी करोनामुळे राहिली ती राहिलीच. २०२७ च्या मोजणीची अधिसूचना सरकारने जून २०२५ मध्ये काढली. या वेळी दार कोण उघडतं, यावर गिरणगावातल्या बायकांचा आकडा ठरणार आहे.

हे एवढं लांबण लावून का सांगते आहे? कारण खोली विकायची की नाही, हा प्रश्न सध्या आमच्याकडे घरोघरी आहे.

आमच्या मजल्यावरच्या एक वहिनी आहेत. सासरे गिरणीत होते, यजमान एका खाजगी ठिकाणी सुरक्षारक्षक. सासऱ्यांना कायम नोकरी, बोनस, फंड, कामगार विम्याचा दवाखाना होता. मुलाला कंत्राट. पगार हातात एकोणीस हजार. घरात बोलणं चाललं होतं की खोली विकून बदलापूरला दोन खोल्यांचं घर घ्यावं, वर चार पैसे शिल्लक राहतील. यजमानांनी आणि दिराने कागदावर हिशेब मांडला. विक्रीचे आले, घराचे गेले, उरलेल्याचं व्याज, रेल्वेचा पास, शाळेची फी. सगळं जमत होतं. वहिनी तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या, कारण त्यांना कुठेतरी चुकतंय असं वाटत होतं.

चुकत होतं ते असं. वहिनी बारा डबे करतात. ऑफिसातली मुलं आणि इस्पितळातल्या नर्सेस. एका डब्याचे महिन्याला तीन हजार, म्हणजे छत्तीस हजार येतात. धान्य, भाजी, तेल, गॅस, डबे पोहोचवणारा मुलगा, हे सगळं जाऊन अकरा-बारा हजार उरतात. त्या कागदावर डब्यांचा रकानाच नव्हता. बदलापूरला गेल्यावर यजमानांची नोकरी लोकलने येऊन-जाऊन टिकणार होती. दिवसाचे तीन तास जाणार आणि पास काही शे रुपयांचा, एवढाच फरक. वहिनींची कमाई मात्र गाडीत बसून मागे येणार नव्हती. तिचं गिऱ्हाईक इथे, तिचा उधारी देणारा वाणी इथे, तान्ह्याला धरणारी शेजारीण इथे. घरात येणाऱ्या एकतीस हजारांतले बारा हजार पहिल्या महिन्यापासून शून्य.

मी असं म्हणत नाही की कोणी जाऊच नये. चाळीतल्या प्रेमाचे गोडवे गाणाऱ्यांना मी नेहमी विचारते की रात्री दोन वाजता पोर आजारी असताना टोकाच्या संडासापर्यंत तुम्ही गेला आहात का? माझ्या बहिणीला स्वतःचं न्हाणीघर मिळालं तेव्हा ती रडली होती. पण तिलाच विचारलं, तर शिकवण्यांचा जम पुन्हा बसायला चार वर्षं लागली म्हणाली. ती चार वर्षं घरात सगळ्या गोष्टींना हात आखडता होता, आणि "तू तर घरीच असतेस" हेही तिने तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. म्हणून हिशेब मांडताना ही वर्षं धरावीत. जाणार असाल तर नवीन घर आपल्याही नावावर असावं, हे आधी बोलून घ्यावं. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुरुषमंडळींना बाकी कुठलं कारण पटलं नाही, तरी हे पटतं!

राहणार असाल तर प्रश्न वेगळे. जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात भाडेकरूला निदान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. बी. डी. डी. चाळींत तर ५०० चौरस फुटांचं, आणि वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळालीही. गिरणी कामगारांच्या घरांचं घोडं मात्र अजून अडलेलंच. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं होती आणि अर्ज लाखाहून जास्त. आता शेलू, वांगणीची नावं निघाली, तेव्हा कामगारांच्या बायका जे बोलल्या ते वहिनींच्या कागदासारखंच होतं: तिथे राहून करायचं काय?

नवीन घर मिळालं तरी लिफ्ट, पंप, झाडलोट यांचा दरमहा खर्च आलाच. चाळीचं भाडं कुठे काही दहा-वीस नाहीतर शे-दोनशे रुपये, आणि तिथे एकदम हजारांत. तो कशातून द्यायचा? माझ्या पाहण्यात बहुतेक घरांतून तो बाईच्या 'वरच्या' पैशांतूनच जातो. म्हणून विकासकाला विचारायचे प्रश्न बायकांनी विचारलेले बरे. ठेव किती ठेवणार, तिच्या व्याजात किती भागेल, दरम्यानचं भाडं कुठल्या भागातल्या दराने देणार. परळच्या दराने भाडं मिळालं तर माणूस शिवडीपर्यंत जाईल आणि डबे चालू राहतील. विरारच्या दराने मिळालं तर तीन वर्षांत गिऱ्हाईक गेलंच. आणि हो, भाडेपावती बहुतेक ठिकाणी सासऱ्यांच्या किंवा यजमानांच्या नावावर असते. करार त्या पावतीवरून होतो. आपलं नाव घालायचं तर ते सही होण्याआधी विचारावं, नंतर सगळ्यांना घाई झालेली असते.

वहिनींच्या घरचा निर्णय अजून झालेला नाही. कागदावर डब्यांचा रकाना मात्र आला आहे, तो यजमानांनीच आपल्या अक्षरात काढला. आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेची नोटीस गेल्या आठवड्यात जिन्यापाशी लागली. रविवार, सकाळी दहा. दहा म्हणजे पोळ्यांची वेळ. मजल्यावरच्या आम्ही अकराजणींनी सही करून सभा संध्याकाळी पाचला मागितली आहे.